आत्म्याचं की आत्म्यानं

आमच्या घरात भांडणं व्हायची ती दिवा लावून. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे, बोलायचे ते हातांनी. अंधारात समोरच्याचे हात दिसत नाहीत, मग भांडणार कसे? शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुण्यागोविंदानं नांदतंय जोडपं! त्यांना फक्त भांडी आपटल्याचं तेवढं ऐकू जायचं. ऐकू येणारी मी एकटी, म्हणून तिघांच्या वाटणीचं तोंड देवानं मलाच दिलं, असं मामा म्हणतो. म्हणू दे. दिवसभर मी बसस्थानकावर कर्ण्यावरून गाड्या पुकारते आणि रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या शेजारी उभी राहून त्यांचं प्रवचन आईला हातांनी सांगते. तोंडाला विश्रांती ती एवढीच.

हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. त्यामुळे आई बाबांना चारचौघांत खुशाल अरे-तुरे करायची. बाबा सुतार. उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं अर्धी नेलेली, त्यामुळे त्यांचं हातांचं बोलणं बोबडं. चहा मागितला तर काडेपेटी मागितल्यासारखं दिसायचं. मी गोंधळायचे, आई कधीच नाही. मागच्या वर्षी बाबा गेले, आणि आमच्या घरात बोबडं बोलणारं कुणी राहिलं नाही.

तर त्या रविवारी पाळकसाहेब पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेली माणसं पुन्हा उठणार त्यावर, बोलत होते. तरुण आहेत, भरपूर वाचतात, बोलायला लागले की चष्मा नाकावरून घसरतो तरी भान नसतं. म्हणाले, "बायबलात प्रेषित पौल लिहितो की मातीत जातं ते शरीर वेगळं आणि उठतं ते वेगळं, आत्मिक शरीर. तेव्हा या हाडामांसाची कल्पना आता सोडून द्या."

सोडून द्या म्हणायला त्यांचं काय जातंय! मला 'आत्मिक शरीर' हातांनी सांगायचं होतं. शरीर म्हणताना आम्ही दोन्ही हात छातीवरून खाली नेतो. आत्मा म्हणताना तळहातावर फुंकर मारतो आणि बोटं उडून गेल्यासारखी पसरतो. विचार करायला वेळ कुठला? मी शरीर दाखवलं, फुंकर मारली, बोटं उडवली. आई बघतच राहिली. मग तिनं दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

त्या दिवसापासून आई बोलेनाशी झाली. जेवताना मी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. जेवण झालं की हात पुन्हा खिशात. तब्येत बरी नाही का, विचारलं. माझं काही चुकलं का, विचारलं. शेवटी माझं डोकं फिरलं. तिच्यासमोर उभी राहिले आणि हात आपटून म्हटलं, "बोल की गं बाई! का जीव घेतेस माझा?"

तेव्हा कुठे तिनं हात बाहेर काढले.

"सवय करतेय."

"कसली?"

"हातांशिवाय राहायची. तिथं शरीर वाऱ्याचं असणार, तूच सांगितलंस ना? वाऱ्याला कुठले हात? मग तुझ्या बाबाशी बोलणार कशी?"

 

मी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. मामालाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दातांच्या कवळ्या बनवतो आणि पाळकसाहेबांचं प्रवचन कधीच पूर्ण पटलेलं नसतं त्याला. दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. वरची फळी एका बाजूनं लोंबकळत होती, तिच्याखाली मामाला बसवला, म्हणजे जरा जपून बोलेल.

कसचं काय! "थडग्यातून उठल्यावर प्रभूनं मासा खाल्ला," मामा म्हणाला. "वाऱ्याला भूक लागते का? शरीर म्हणजे हेच, हाडामांसाचं. बत्तीसच्या बत्तीस दात परत येणार. माझा धंदा बसला तरी बेहत्तर!"

"आणि दारं बंद असताना प्रभू आत आले, ते?" पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला. "हाडामांसाचा माणूस भिंतीतून येतो होय? पौलच म्हणतो, रक्तमांसाला तिथं वाटा नाही."

"तो मासा गेला कुठे मग?"

"मामा, तू मासा सोड आधी!" मी ओरडले. "तुमचं दोघांचं बरं आहे. तोंडानं बोलायचं, गुळमुळीत शब्दावर भागतं. मला हातांनी सांगायचं तर एकच काहीतरी दाखवावं लागतं. आत्मिक म्हणजे आत्म्याचं बनलेलं की आत्म्यानं चालणारं? चं की नं?"

पाळकसाहेब म्हणाले, "दोन्ही अर्थ लावणारे विद्वान आहेत. शतकानुशतकं वाद चाललाय."

"खड्ड्यात गेली शतकं! आठवडा होत आला, माझी आई धड बोलली नाहीये."

त्यांनी आईकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "काकूंना नक्की काय हवंय, ते विचारा ना."

मी विचारलं.  आईचे हात खिशातून बाहेर आले आणि मी मोठ्यानं सांगायला लागले. दुभाष्याचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं.

"तो गेला त्या दिवशी सकाळी मी या फळीवरून भांडले. दुनियेला कपाटं करून देतोस आणि घरची फळी लोंबकळतेय, म्हटलं. तो काहीतरी बोलायला लागला. मला ऐकून घ्यायचं नव्हतं. मी डोळे मिटले."

मी थांबले. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या घरी बोलणाऱ्याच्या तोंडावर डोळे मिटणं म्हणजे शिवीपेक्षा वाईट. लहानपणी मी एकदा तसं केलं होतं, तर त्याच आईनं मला फटकावलं होतं. आणि हे तिनं मला वर्षभर सांगितलं नव्हतं.

आईनं टेबलावर बोट आपटलं. पुढं सांग.

"तो बोलतच होता. त्याच्या हातांचा वारा माझ्या चेहऱ्याला लागत होता. तरी मी हट्टानं डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा दार लागलेलं होतं. दुपारी निरोप आला. कामावर रंधा मारता मारता त्यानंही डोळे मिटले. तो शेवटचं काय म्हणाला, मला माहीत नाही. मला ते बघायचंय. तिथं त्याला हात असतील का, एवढंच सांगा मला."

माझाच आवाज, आणि त्या आवाजात 'मी' म्हणून आईचं दुःख. मला रडू फुटलं. रडत रडतच शेवटचं वाक्य पूर्ण केलं, अर्धवट सोडलं असतं तर आईनं मला सोडलं नसतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "काकू, रविवारी मी फार खात्रीनं बोललो. तेवढी खात्री मला नाही. हे शरीर जसंच्या तसं उठेल असं मला अजूनही वाटत नाही. पण उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. शंका घेणाऱ्या शिष्याला त्यांनी तेच दाखवले. शरीर कसंही असो, त्याला हात होते. आणि त्या हातांवर जे गुदरलं, ते पुसलं गेलं नव्हतं."

मी दोन्ही हात छातीवरून खाली नेले. तळहातावर फुंकर मारली. या वेळी बोटं उडवली नाहीत. ती फुंकर ओंजळीत धरून छातीशी नेली आणि मग हात उचलले, जागे झाल्यासारखे. चं नाही, नं. नंतर तळहातावर खिळा दाखवला, आणि त्याचा व्रण.

आई पुढे झुकली. "मग त्याची बोटं?"

"दहाच्या दहा असणार, ताई!" मामा म्हणाला. "देव काय अर्धवट काम करतो?"

मी ते सांगितलं. आईनं जोरात मान हलवली.

"दहा नकोत. दहा बोटांनी कुणीही बोलेल. मला त्याचं बोबडंच पाहिजे." तिनं माझ्याकडे बघून खात्री करून घेतली की मी सगळं सांगतेय. "परत डोळे उघडले की आधी त्याचे हात बघणार. आणि कितीही भांडला, तरी मिटणार नाही."

 मामानं नाक पुसलं. रडू आलं की त्याला काहीतरी दुरुस्त करायला लागतं. तो उठला, फळी हातानं वर दाबून धरली आणि मला म्हणाला, "स्क्रू-ड्रायव्हर आण गं. दोन मिनिटांचं काम आहे."

आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

"राहू दे तशीच," ती म्हणाली. "आमचं भांडण अजून संपलेलं नाही."