माझं पाचवं चाक

मी एक जुना तासांचा मीटर आहे. मित्रांनो, सोलापूरच्या एका सूतगिरणीतलं डिझेल इंजिन किती तास चाललं, तेवढंच मी मोजायचो. माझ्या पोटात आकड्यांची चार चाकं होती. ९९९९ झाले आणि पुढच्याच तासाला मी शून्यावर आलो! इतकं राबलेलं इंजिन मी एका फटक्यात कालचं पोर करून टाकलं. लाज वाटली हो.

चांदसाब मिस्त्री मात्र हिकमती. त्यांनी भंगारातल्या मीटरचं चाक काढून मला पाचवं बसवलं आणि बोटानं एकावर आणलं. मालकांनी माझ्यापुढं नारळ फोडला. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

पण रोजची वही जुनीच राहिली. तिच्यात तासांसाठी छापील घरं चारच. तेलवाला मल्लप्पा माझे आकडे उतरवायचा. पाच मावेनात, म्हणून पहिला एक सोडून द्यायचा. पिस्टनच्या दांड्याचे बोल्ट बारा हजार तासांना बदलायचे होते. मिस्त्री वही बघून म्हणाले, "दोनच हजार झाले की. लई टाइम हाय."

१९७४ च्या वैशाखात मी १२०३१ दाखवत होतो. इंजिनाच्या आत टकटक सुरू झाली होती. मल्लप्पा तेल घालायला त्याला अगदी खेटून बसायचा. बोल्ट तुटला असता तर दांडा पत्रा फोडून थेट त्याच्या छातीत! मला कळत होतं, पण तोंड कुठलं?

एका दुपारी पुसणारी दगडाबाई माझी काच पुसत होती. तिला अक्षरं येत नव्हती, हजेरीच्या बिल्ल्यामुळं आकडे तेवढे यायचे. शेजारी मल्लप्पा वही लिहीत होता.

"मल्लप्पा, हितं पाच हायत, तुज्या वहीत चारच. पयला एक कुटं गेला?"

"त्याला घरच न्हाय. कुटं लिवू?"

दारातून येणारे मिस्त्री ते ऐकून धावतच आले. "बंद कर इंजिन! मल्लप्पा, बाजूला हो!"

इंजिन थांबलं. झाकण उघडलं, तर एक बोल्ट अर्ध्याच्या वर चिरलेला. मल्लप्पा खाली बसून वहीत घराबाहेर तो एक लिहू लागला. मिस्त्री त्याच्याजवळ टेकले.

"चूक माजी हाय रे. चाक वाढवलं, वही कोन वाढवनार हुतं?"

आता गिरणीत विजेची मोटर आली. मी फडताळात धूळ खात पडलोय. मित्रांनो, मोजमाप वाढवाल तेव्हा ते लिहायची वहीही एकदा उघडून बघा. आणि एखादा आकडा कुठं गेला, असं कुणी विचारलं, मग ते पुसणारं माणूस का असेना, तर आधी इंजिन बंद करा.