मागचंच उत्तर

ॲनिशाने लोखंडी पेटीचं दार उघडलं आणि तोंडच फिरवलं. आत उंदरांनी संसार थाटला होता. कुरतडलेल्या वायरी, लेंड्या, कुठून तरी ओढून आणलेला कुजका बोंबील, आणि त्या सगळ्याखाली स्विच, गावाला इंटरनेटची लाइन वाटून देणारं यंत्र. खाऱ्या हवेने सगळे पोर्ट गंजले होते, एकही दिवा लागलेला नव्हता.

आणि ऑफिसातला एआय एजंट सकाळीच म्हणाला होता, अर्नाळ्याचा स्विच ठणठणीत आहे. तरी तक्रारीचे फोन थांबेनात, म्हणून ती स्वतः बघायला आली होती.

बोळिंजमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत ॲनिशा नेटवर्क इंजिनिअर होती. कंपनीचे चाळीस स्विच ऑफिसातल्या एकाच सॉफ्टवेअरच्या हुकमाने चालत. त्यांच्यावर नजर ठेवायला हा एजंट आणला होता. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरंही तोच देई. पण त्याला स्वतःचे डोळे कुठले? त्याच्यासाठी टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिले ते ॲनिशाने. एक टूल स्विचचं तापमान विचारायचं, एक नुसती हाक मारून बघायचं. स्विचने ओ दिली नाही, की एजंटला तसं सांगायचं.

"नऊ दिवस फोन करते मी," मच्छीमार सोसायटीच्या हंसाताई मागे उभ्या राहून म्हणाल्या. "तुमचा मशीन बोलतो, तुमच्या लाइनीत काय दोष नाय. बोटींशी बोलायचा आमचा वायरलेस याच लाइनीवर. मंगळवारी वाऱ्याचा इशारा आला, पन बोटींना सांगनार कसा? आत दर्यात मोबाइल लागत नाय. त्या वाऱ्यात बोटीवरच्या काशीरामचा हात दोरात सापडला. दोन बोटं गेली त्याची."

ॲनिशाने पेटीचं दार लावलं. ती तशीच बोळिंजला परतली आणि स्वतःचं टूल उघडून बसली. त्यात दोन ओळी तिच्या नव्हत्या. स्विचने उत्तर दिलं नाही, तर त्याचं मागचंच उत्तर एजंटला दे. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. नाव दीपेशचं, कंपनीच्या मालकाचं.

दीपेश केबिनमध्ये जेवून दात कोरत बसला होता.

"अगं, स्विच दोन मिनिटं गप्प बसला की एजंट बोंब मारतो," तो म्हणाला. "क्लायंटला स्क्रीनवर लाल दिसतं. फुकटचा पॅनिक."

"दोन मिनिटं नाही सर. नऊ दिवस."

"मग तू बघायचं होतंस. टूल तुझं आहे."

"एका माणसाची बोटं गेली."

"मासेमारीत होतंच असं काहीतरी." दातातून निघालेला कण त्याने निरखून पाहिला आणि टेबलाच्या कडेला पुसला.

ॲनिशा केबिनमधून बाहेर पडली. त्याची किळस तर आलीच, पण जास्त आली स्वतःची. दर महिन्याला सगळे स्विच चालू दाखवणारा हिरवागार रिपोर्ट तिच्याच सहीने जात होता. एवढा खारा वारा, एवढे जुने स्विच, आणि तीन महिन्यांत एकही बिघाड नाही, हे तिला खटकलं कसं नाही? खटकलं होतं. एकदा खटकलं होतं, आणि तिने सही करून टाकली होती.

जागेवर येऊन तिने त्या दोन ओळी काढल्या. चार मिनिटांत एजंटने सांगितलं, सहा स्विच उत्तर देत नाहीत. अर्नाळा, गास, नालासोपाऱ्याचे दोन, विरारचे दोन. सहाही ठिकाणच्या ग्राहकांना तिने लाइन बंद असल्याचं आणि आधीची उत्तरं खोटी असल्याचं कळवलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

दीपेश दारात आला. "हे कोणाला विचारून केलंस?"

"कोणालाच नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

"अर्नाळ्याचा स्विच बदलते आणि जाते," ती म्हणाली आणि कपाटातला नवा खोका घेऊन निघाली. त्याने अडवलं नाही. सहा ठिकाणचे फोन वाजायला लागले होते.

पेटी तिने स्वतःच्या हाताने साफ केली. ओकारी दोनदा आली. संध्याकाळच्या आत वायरलेस सुरू झाला. मग सोसायटीच्या टेबलावर बसून तिने लिहून दिलं: लाइन कधीपासून मेली होती, टूल कोणी बदललं, आणि न तपासता सही कोणाची.

हंसाताईंनी कागद सावकाश वाचला, घडी घालून खणात ठेवला. चहा विचारला नाही.

"माज्यापाशी ठेवून काय?" त्या म्हणाल्या. "काशीराम घरीच हाय. चल, त्याला सांग."

ॲनिशाने हात पुसले आणि त्यांच्यामागून वाळत घातलेल्या मासळीच्या मधल्या वाटेने चालू लागली.