अंबूबाईचं कासव

निशिगंधाच्या रागाचा पारा चढला होता. पण रागाच्या भरात उठून गेली असती तर गडमुडशिंगीची विहीर यंदाही घाणच राहिली असती, म्हणून ती पद्मावतीकाकींच्या परसात बसून राहिली.

मंगळवार पेठेतल्या या पद्मावतीकाकी मगदूम दरवर्षी कॉलेजच्या पोरांच्या सेवेच्या कामाला पैसा पुरवायच्या. पंप, डिझेल, खोरी-पाट्या, पोरांचं जेवण, सगळं त्यांचं. अट एकच, काम स्वतःच्या हातांनी करायचं. गेल्या वर्षी निशिगंधाच्या गटाने तिच्याच गावची जुनी विहीर उपसली होती. भाषणं झाली, फेटे बांधून फोटो निघाले, आणि दिवाळीपर्यंत विहिरीचा पुन्हा उकिरडा.

"परत कशाला देऊ गं?" काकी म्हणाल्या. "तुमी उपसायचं आनि गावानं भरायचं!"

"औंदा तसं व्हायचं न्हाई, काकी."

"का न्हाई?"

"परत भरली तर तुमच्या दारात पाय ठेवनार न्हाई," ती एवढंच म्हणाली.

काकी परसातल्या आडाचं पाणी फडक्यातून गाळत होत्या. त्यांच्या जैन घरातली ही जुनी रीत. फडक्यात राहिलेले बारीक जीवही परत त्याच आडात सोडायचे. फडकं आडावर खळबळून त्या म्हणाल्या, "गेल्या साली तुमच्या पंपानं किती मासं मेलं, बघितलंसा? देते मी. पर एक बी जीव मरता कामा न्हाई. आनि हिरीतला जीव परत हिरीतच सोडायचा."

बाहेर थांबलेल्या गटातल्या पोरांनी अट ऐकून कपाळाला हात लावला. मासे नेऊन तळ्यात सोडू, काकींना कोण सांगतंय, असंही एकजण म्हणाला. "मी सांगीन की," निशिगंधा म्हणाली, आणि तो विषय संपला.

पंप हळूहळू चालवत, मच्छरदाणीने गाळत पोरं छातीएवढ्या घाणीत उतरली. मासे निघाले, खेकडे निघाले, ताटाएवढं एक कासव निघालं. जीव ठेवायला आणलेली पाण्याची सगळी पिंपं भरली. उन्हाने पाणी तापलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. गाव कट्ट्यावर बसून मजा बघत होतं. निशिगंधाने ओढणी कमरेला खोचली, बादली उचलली आणि दारोदार फिरायला सुरुवात केली.

पहिलं दार अंबूबाईचं. विहिरीला लागून घर, आणि रोज सकाळी विहिरीत कचऱ्याची पहिली पाटी रिकामी व्हायची तीही हिचीच.

"कासव? माझ्या न्हाणीत? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"गाळ निघंपतूर, आत्ती. मेलं तर पाप मला लागंल की तुमाला, तुमीच बघा."

अंबूबाई बडबडत बाजूला झाली. मग शेजारणीने दोन मासे घेतले, तिच्या जावेने चार. संध्याकाळपर्यंत गावातल्या हंड्या-घागरींत अख्खी विहीर वाटून गेली होती.

गाळ निघाला, झरे फुटले, स्वच्छ पाणी चढलं. मासे सोडायच्या दिवशी लोक न बोलावता भांडी घेऊन आले. अंबूबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने कासवाला हाताने पाण्यात सोडलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिली.

दिवाळी झाल्यावर काकी स्वतः निशिगंधाबरोबर विहीर बघायला आल्या. दोघी पोचतात न पोचतात तोच एका मोटरसायकलवाल्याने कचऱ्याची पिशवी विहिरीकडे भिरकावली. ती काठावरच पडली.

"ए मुडद्या!" अंबूबाई केरसुणी घेऊन धावत आली. "उचल ती पिशवी! आत माझं कासव हाय, दिसत न्हाई व्हय?"

तो खाली उतरला, पिशवी उचलून निमूट चालता झाला.

काकींनी वाकून पाण्यात बघितलं. "का न्हाई म्हनून इचारलं हुतं मी," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायला लई येळ लावलास की गं. चल, फुडची हीर दाव."