ब्रिताची नऊ बाळंतपणं

उत्तराची मुलगी अकरा दिवस जगली. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या विल्मिंग्टन गावाबाहेरच्या एका दफनभूमीत तिला पुरलं. तो २००१चा मार्च होता. त्यानंतर तिचा नवरा उल्हास तिकडे फिरकला नाही. उत्तरा मात्र दर शनिवारी जायची.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती आणि घर खायला उठायचं. शेवटी गावातल्या इतिहास मंडळात ती बिनपगारी काम करू लागली. मंडळ सांभाळणाऱ्या मिसेस लिंडव्हॉल सत्तरीच्या होत्या. जुन्या स्वीडिश कागदांची इंग्रजी भाषांतरं त्यांनी तिला टाइप करायला दिली. त्यांत तिला ब्रिता भेटली.

साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनने डेलावेअर नदीकाठी वसाहत केली, तेव्हा तिकडे स्वीडनमध्ये जंगल जाळून शेती केली म्हणून ब्रिताच्या नवऱ्याला शिक्षा झाली आणि जहाजात घालून इकडे पाठवलं. त्याच्यामागोमाग ती आली. नऊ बाळंतपणं झाली. सहा मुलं तापाने आणि उपासमारीने गेली, मग नवराही गेला. मला माझ्या गावी परत पाठवा, असा तिने गव्हर्नरकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि नदीच्या वरच्या अंगाला राहायला गेली.

"मग त्या सहा जणांच्या थडग्यांचं कोण बघायचं?" उत्तराने विचारलं.

मिसेस लिंडव्हॉल ब्रिताच्याच वंशातल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "कोणी नाही. कुठे पुरली तेही आम्हाला माहीत नाही."

"तिचा पाय कसा निघाला तिथून?"

"तिघं जिवंत होती ना. त्यांना जेवायला घालायचं होतं."

उत्तरा पुन्हा टाइप करू लागली. तिच्या घरी जेवायला घालायला कोणी नव्हतं.

ऑक्टोबरात उल्हासच्या प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना काढलं. व्हिसा कंपनीचा होता आणि दुसरी नोकरी मिळेना. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीची पुण्याची तिकिटं बुक झाली.

"मी येत नाही," उत्तरा म्हणाली.

"उत्तरा, राहता येणार नाही. लीगल नाही ते."

"तिला इथे एकटीला टाकून जायचं?"

उल्हास कपड्यांच्या घड्या बॅगेत दाबत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ती पेटी मीच उचलून नेली होती. काही वजनच नव्हतं गं तिला. म्हणून मला तिकडे जाववत नाही."

शेवटच्या शनिवारी तो आपणहून गाडी चालवत तिच्याबरोबर दफनभूमीत आला. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून तसाच बसला. उत्तरा डिकीतून पाण्याचा कॅन काढेपर्यंत तो उतरून पुढे गेला होता. एका छोट्या दगडापुढे हात जोडून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

ते थडगं दुसऱ्याच कुणाचं होतं.

उत्तरा त्याच्यामागे थांबून राहिली. त्याचं रडणं ओसरल्यावर तिने त्याचा दंड धरला.

"अजून दोन ओळी पुढे," ती म्हणाली आणि त्याला घेऊन गेली.