पायाला बांधायची चिप

मी एक जुनी चिप आहे, मित्रांनो. मॅरेथॉनमध्ये पळणाऱ्यांच्या बुटाच्या नाडीत ओवतात ना, ती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, काळी, आणि पाठीवर पांढरा आकडा, ४४१७. माझं सगळं आयुष्य माणसांच्या पायांशी गेलं, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको.

मी कुठे जन्मले ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात. शर्यतींच्या वेळा मोजणाऱ्या कंपनीचं ते गोदाम होतं. तिथे माझ्यासारख्या पाच हजार बहिणी गोणत्यांत भरून पडलेल्या असायच्या. वर्षातून पाच-सहा वेळा गोणतं उघडायचं, आमची मोजदाद व्हायची आणि आम्ही कामावर निघायचो.

आमचं काम अगदी सोपं असतं. शर्यत जिथे सुरू होते आणि जिथे संपते, तिथे रस्त्यावर काळी रबरी पट्टी आडवी अंथरलेली असते. तिला मॅट म्हणतात. पाय मॅटवरून गेला की मॅट विचारते, "कोण?" आम्ही आपला नंबर सांगतो. नंबरापुढे कुणाचं नाव आहे ते कंपनीच्या कॉम्प्युटरला ठाऊक असतं. झालं, एवढंच. पण या एवढ्याशा कामात मी नऊ वर्षांत एकदाही खोटं बोलले नाही. माणसांना हे किती जड जातं ते मी अनुभवाने सांगते.

काय एकेक नग पाहिले म्हणून सांगू! एकाने स्वतःच्या दोन बुटांवर सहा मित्रांच्या चिपा बांधल्या होत्या, कॉलेजातल्या हजेरीसारख्या. सहाही जण एकाच सेकंदाला पोचले, आणि वर त्याने कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून भांडण केलं. एक गृहस्थ माजिवड्याला रिक्षात बसले आणि शेवटच्या वळणावर उतरून छाती काढून पळत आले. एक बाई दर अर्ध्या किलोमीटरला थांबून स्वतःचा फोटो काढायच्या. त्यांना पुलावर चालत्या म्हाताऱ्या माणसाने दोनदा मागे टाकलं. आणि घरी गेल्यावर सगळे एकच वाक्य बोलणार, "फार मजा आली, पुढच्या वर्षी बेचाळीस किलोमीटर." बेचाळीस म्हणे! यांना बेचाळीस पायऱ्या चढवून बघा एकदा.

अशा माणसांचा मेरुमणी मला दोन वर्षांपूर्वी भेटला. त्याचं नाव महेंद्र टिपणीस.

टिपणीस साहेब वागळे इस्टेटमधल्याच एका कारखान्याचे मॅनेजर. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. राहायला घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतीत. त्यांच्या सोसायटीत 'पहाटवीर' नावाचा पळणाऱ्यांचा गट होता. गटात नाव घातल्यावर साहेबांनी बूट घेतले, हातातलं घड्याळ घेतलं, घाम न धरणारा टीशर्ट घेतला. फक्त पळायचं तेवढं राहून गेलं. रोज पहाटे तलावाकाठच्या बाकावर बसून ते फोटो टाकायचे. त्या भरात एके दिवशी त्यांनी गटावर लिहून टाकलं की, "यंदा एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत." सोसायटीने लगेच ठरवलं, की सत्यनारायणाच्या पूजेला टिपणीसांचा सत्कार करायचा.

आता आली का पंचाईत! शर्यतीच्या आदल्या दिवशी साहेबांनी माझं पाकीट घेतलं, आणि शनिवारची पाळी सुटता सुटता पॅकिंगच्या कलावतीला केबिनमध्ये बोलावलं.

ही कलावती शेलार कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहायची. वय चव्वेचाळीस. गाव साताऱ्याकडचं. नऊ वर्षं याच कारखान्यात कंत्राटी कामगार. सकाळी सातच्या ठोक्याला गेट बंद होतं आणि रिक्षा परवडत नाही, म्हणून ही बाई नऊ वर्षं रोज कळव्याच्या पुलावरून कारखान्यापर्यंत पळत यायची. कामगारांच्या क्रीडादिनी तिने तरण्याताठ्या पोरांना मागे टाकलेलं साहेबांनी पाहिलं होतं.

"कलावती, उद्या पळायला यायचंय."

"उद्या रविवार हाय ना साहेब?"

"ड्यूटी नाही गं. मॅरेथॉन आहे. माझा गुडघा जरा दुखतोय. माझी चिप घेऊन तू पळायचंस. सव्वादोन तासांच्या आत यायचं, बस्स."

"आनि नाव?"

"नाव माझं लागेल. नंबरचा कागद मी माझ्या छातीवर लावतो, फोटोला लागतो. तू नुसती गर्दीतून पळ, कोण बघतंय!" मग साहेबांनी आवाज खाली आणला. "परमनंटची यादी सोमवारी हेड ऑफिसला जातेय. एकच जागा आहे. तुझं नाव टाकतो मी."

परमनंट म्हणजे आजारपणात पगार कापला जाणार नाही, गेटवर दर अकरा महिन्यांनी नवा पास काढावा लागणार नाही, लेकीचं कॉलेज अर्ध्यावर सुटणार नाही. नऊ वर्षं ती या एका शब्दासाठी पळत होती म्हणा ना.

"येते साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. "हरवू नकोस हं. जीव गेला तरी चालेल, चिप जपून ठेव." एवढं बोलून ते गाडीत बसून गेले. मला कुठे बांधायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगणार कसं? त्यांनाच कुठे ठाऊक होतं! माझ्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, पण साहेबांनी पाकीट फाडून केव्हाच टोपलीत टाकलं होतं.

घरी कलावतीने मला पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला कारखान्यात मशिनला वाहतात तसं. उद्या जे कामाला लागायचं, त्याची आज पूजा करायची, ही तिची रीत. मला हसू आलं. चांगल्या-चांगल्यांच्या घामट मोज्यांजवळ राहिलेली मी, आणि माझी पूजा!

तिची लेक संचिता मात्र भडकली. "अगं आई, काय हे? पाय तुझे आणि टाइम त्यांचा?"

"परमनंट करतायत गं."

"आणि नाही केलं तर?"

"मग रोज पळते, तसं एक दिवस जास्त पळले म्हनायचं."

पहाटे तिने लेकीचे कॅनव्हासचे बूट घातले. आणि मला कुठे ठेवलं असेल? हरवू नये म्हणून ती ज्या जागी घराची किल्ली ठेवायची, तिथे! कापडी पाकिटात मला किल्लीसोबत घातलं, आणि ते पाकीट ड्रेसच्या आतून छातीशी सेफ्टी पिनने पक्कं टाचलं. मी चरफडले. अगं अडाणी बाई, मॅटचे कान जमिनीवर असतात! पायाशी बोललेलं तिला कळतं. छातीतून, त्यातही लोखंडी किल्लीच्या आडून, माझा आवाज तिथवर पोचायचा कसा? पण आमचं बोलणं माणसांना ऐकू येत नाही.

मैदानावर साहेब नंबर लावून, हात उंचावून फोटो काढत होते. भोंगा वाजला. हजारो पाय मॅटवरून गेले आणि माझ्या बहिणी आपापले नंबर सांगत सुटल्या. मीही सांगितला. मॅट काही बोलली नाही. साहेब शंभर पावलं पळाले, दोरीखालून बाहेर पडले आणि इडलीच्या गाडीकडे गेले.

कलावती मात्र पळत राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मला एक नवीन गोष्ट कळली. आयुष्यभर मी टाचांजवळ राहिले. तिथे फक्त आपटणं ऐकू येतं, आणि वास येतो. छातीशी मी पहिल्यांदाच गेले होते. तिथे तिचं काळीज ऐकू येत होतं. तीन हात नाक्यापर्यंत ते सावकाश चाललं होतं, सवयीचं काम असल्यासारखं. कापूरबावडीच्या चढाला ते वाढलं. सोळाव्या किलोमीटरला तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा ते इतकं धडधडलं की किल्ली माझ्यावर वाजू लागली. थांबेल असं वाटलं. ती थांबली नाही. ती दमलेल्या श्वासात एकच शब्द पुटपुटत होती, "संची... संची..." मला माझीच लाज वाटली. हिला मी अडाणी म्हणाले होते.

शेवटची मॅट आली तेव्हा मी जीव खाऊन ओरडले. "४४१७! महेंद्र टिपणीस! लिहा, टिपणीस आला!" नऊ वर्षांत खोटं न बोललेली मी, त्या बाईच्या नोकरीसाठी धडधडीत खोटं बोलायला तयार झाले होते. पण मॅटने ऐकलंच नाही.

ऐकलं ते माइकवरच्या माणसाने. पाहिलं, म्हणायला हवं. "दोन तास सात मिनिटं! कॅनव्हासचे बूट घालून! अहो ताई, नंबर कुठाय तुमचा? नाव काय तुमचं?" त्याने माइक थेट तिच्या तोंडापुढे धरला.

समोरच साहेब उभे होते. घाम दिसावा म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं होतं. ते बोटाने 'गप्प, गप्प' अशा खुणा करत होते. कलावतीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. तिचं काळीज माझ्यावर दोनदा आपटलं.

"कलावती सोपान शेलार," ती म्हणाली. "कळवा."

ते नाव सगळ्या मैदानावरच्या कर्ण्यांतून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिला कोपऱ्यात ओढलं, तिने पाठ फिरवून मला बाहेर काढताच हिसकावून घेतलं आणि मेडल घ्यायला खिडकीवर गेले.

खिडकीतल्या मुलीने नंबर तपासला. "सर, तुम्ही स्टार्टच केलेलं नाही असं दाखवतंय."

"असं कसं? चिप होती की!"

"पायाला बांधली होती?"

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "पायाला?"

"पाकिटावर छापलंय ना सर, एवढं मोठं!"

मागची रांग खो-खो हसली. माझी कंपनी पुढच्या वर्षीपासून कागदी चिपा वापरणार होती, म्हणून त्या मुलीने मला परतही घेतलं नाही. साहेबांनी मला जमिनीवर आपटलं आणि ते निघून गेले. सोसायटीच्या गटावर संध्याकाळी निकालाची यादी आली. तीत महेंद्र टिपणीस या नावापुढे लिहिलं होतं, 'धावले नाहीत.' माझ्या सगळ्या नोकरीत याहून खरी नोंद झाली नसेल. तोंडातलं एक अक्षरही मॅटपर्यंत न पोचता मी ती केली होती. सत्कार अर्थातच झाला नाही, प्रसादाचा शिरा तेवढा झाला.

खिडकीतल्या मुलीने कलावतीला मेडल दिलं नाही. नंबर नाही तर मेडल नाही, नियम आहे. एक केळं दिलं. केळं खाऊन झाल्यावर कलावतीने खाली वाकून मला उचललं, फुंकर मारली आणि पुन्हा त्या पाकिटात घातलं.

सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. "साधं एक काम धड करता येत नाही तुला? कुठे ठेवली होतीस चिप?"

"तुमीच बोललात, जपून ठेव. मी जपली."

"यादीत दुसरं नाव घातलंय मी. समजलं?"

आवाज न चढवता कलावती म्हणाली, "समजलं. पुढच्या साली तुमी स्वतःच पळा साहेब. रोज पळलं की जमतं."

परमनंटच्या यादीत तिचं नाव आलं नाही. नऊ वर्षांची अकरा झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. ती बाई सकाळी सातच्या गेटसाठी अजूनही पुलावरून पळते आहे, आणि साहेब अजूनही बाकावर बसून फोटो टाकतात. जगाबद्दल माझं मत काही फारसं सुधारलेलं नाही.

पण गेल्या वर्षी संचिताने तिचा फॉर्म भरला, तिच्या नावाने. नवीन कागदी चिप नंबरच्या मागे चिकटवलेली होती. तरी, वर्षभर भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवलेल्या मला कलावतीने खाली काढलं, हळदकुंकू लावलं आणि या खेपेला बुटाच्या नाडीत ओवलं. नवीन मॅट मला ओळखत नाही. मी निकामी झाले आहे. मी नुसती तिच्या पायाशी बसून एकवीस किलोमीटर फिरून आले. संध्याकाळी संचिताने यादी मोठ्याने वाचली, 'कलावती सोपान शेलार, दोन तास पाच मिनिटं.' कलावतीने ती ओळ तीनदा वाचायला लावली.

मित्रांनो, जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपून ठेवलंत तर मी मुकी होते. मला पायाला बांधा, आणि पाय तेवढा स्वतःचा असू द्या.