फाउलची रेघ

ओंद्रेय हुदाकच्या धाकट्या बहिणीचं, झुझानाचं लग्न झालं ते १९१२ साल. पेन्सिल्वेनियातल्या त्या खाणगावात मेजवानी तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी ओंद्रेयनं नवरदेवाला, मिहालला, खाणीतून काढून आपल्या बास्केटबॉलच्या पगारी संघात घेतलं.

त्या काळी मैदानाभोवती तारेची उंच जाळी असे. आणि फाउल कुणावरही होवो, त्याबद्दल बास्केटमध्ये चेंडू टाकायला संघाचा एकच ठरलेला माणूस रेघेवर जाई. गावच्या संघात तो ओंद्रेय. त्या रेघेच्या जोरावर तो सहा वर्षं खाणीबाहेर राहिला होता.

पुढच्या जानेवारीत एका सामन्यात जाळीवर आपटून तारेचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात घुसलं. जखम भरली, पण त्या डोळ्याची नजर गेली. बास्केट जवळ आहे की लांब, काही कळेना. हे त्यानं फक्त मिहालला सांगितलं. रोज सकाळी दोघं रिकाम्या हॉलमध्ये जात. मिहाल ओरडायचा, "दादा, आखूड पडला! आता हातभर लांब!" महिन्याभरात ओंद्रेयचा हात पुन्हा बसला. दहातले सात जाऊ लागले.

"कुणाला बोलायचं नाही हं," तो म्हणाला.

"आईशपथ, दादा."

शनिवारी सामन्याला हॉल भरला. पहिला फाउल झाला, ओंद्रेय रेघेकडे निघाला, तेवढ्यात मॅनेजर फीनी जाळीपलीकडून ओरडला, "हुदाक, थांब! मिहाल टाकेल."

"का?"

"आंधळे पोसायला ही धर्मशाळा आहे का?"

जाळीला नाक लावून बसलेली एक बाई किंचाळली, "अगं बाई, काठी द्या कुणीतरी त्याला!" हॉल खदखदून हसला.

मिहाल तळवे चड्डीला पुसत होता. "दादा, आज ना उद्या त्यांना कळलंच असतं. रेघ घरातच राहिली, एवढं तरी बघ."

"त्यांनी विचारलं, का तू होऊन गेलास?"

मिहाल रेघेवर गेला. ओंद्रेयसारखेच गुडघे वाकवून त्यानं चेंडू टाकला. तो बास्केटमध्ये गेला. ओंद्रेय जाळीचं दार उघडून बाहेर पडला.

रविवारी झुझाना दारात आली. "दादा, जेवायला चल ना. ते तोंड लपवून बसलेत."

"तुला ठाऊक होतं?"

"फीनीकडे मीच पाठवलं त्यांना," ती म्हणाली. "रेघेवरच्या माणसाला कुणी काढत नाही. मला नवरा पुन्हा खाणीत नको होता."

"आणि भाऊ?"

सोमवारी ओंद्रेय खाणीत उतरला.

१९१६ च्या मार्चमध्ये खाणीत डावीकडून आलेल्या कोळशाच्या गाडीखाली सापडून ओंद्रेय हुदाक वारला. वय चौतीस.