चौथ्या मजल्यावरचा नवरदेव

हिवाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सकाळी दहा वाजता, एका चार मजली इमारतीच्या वाहनतळात तेथील सर्व रहिवाशांची तातडीची सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता : दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी जबाब घ्यायला येतील, तेव्हा काय सांगायचे? एरवी पाण्याची टाकी कधी धुवायची यावरून ज्या सभेत तासन्‌तास वाद चालत, त्या सभेत हा ठराव चहा येण्याआधीच एकमताने संमत झाला. आम्ही काही पाहिले नाही, आम्हांला काही ठाऊक नाही, असे प्रत्येकाने सांगायचे होते.

घडले होते ते असे. चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ एकटाच राहत असे. शिलाई यंत्रे दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. बोलणे मऊ, जिन्यात कोणी भेटले की भिंतीला टेकून वाट देणारा. पंधरवड्यापूर्वी तो भर बाजारात चक्कर येऊन पडला आणि लोकांनी त्याला रुग्णालयात पोचवले. घरी कोणी असल्यास कळवावे म्हणून एक पोलीस शिपाई इमारतीत येऊन वर गेला, तर दाराला बाहेरून दोन कुलपे. तो परत फिरणार, एवढ्यात आतून कोणीतरी दारावर टकटक केली. आत वीस वर्षांची एक मुलगी होती. अकरा वर्षांची असताना, दुसऱ्या एका शहरात, शाळेतून घरी येता येता ती नाहीशी झाली होती.

आता कोणाही विचारी माणसाला पहिला प्रश्न पडेल तो हा, की इतकी वर्षे इतक्या माणसांना हे कळले कसे नाही? इमारत आंधळी होती म्हणावे, तर कोणाकडे नवा फ्रीज आला, कोणाची सून माहेरी जाऊन किती दिवस राहिली, कोणाचा मुलगा जिन्यात उभा राहून फोनवर कोणाशी कुजबुजतो, याची बित्तंबातमी तिला असे. बहिरी म्हणावी, तर भिंतीपलीकडचे भांडण ती शब्दन्‌शब्द सांगू शके. मग नेमके हेच कसे निसटले? या प्रश्नाचे उत्तर त्या सभेत ज्या एका माणसापाशी होते, तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

तो म्हणजे तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. त्यांना सगळे ‘औषधवाले’ म्हणत. माणूस कामात चोख आणि तोंडाने मिस्कील. लोक डोकेदुखीची गोळी घ्यायला येत आणि एखादा विनोद फुकट घेऊन जात.

“ओरडायला काय झालं होतं तिला?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सभेत म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर तर राहत होती. वर चमचा पडला तरी ऐकू येतो मला.”

“तो रेडिओ केवढ्यानं लावायचा, विसरलात?” कोणीतरी म्हणाले.

“विसरते कशी? दोनदा वर जाऊन भांडले. बिचारा लगेच आवाज कमी करायचा...” ‘बिचारा’ शब्द निसटला आणि काकूंनी जीभ चावली.

अध्यक्ष हे निवृत्त अभियंते होते. त्यांनी हात वर केला. “हे पाहा, भांडले-बिंडले उद्या सांगू नका. एक सांगितलं की दहा प्रश्न येतात. बाहेर लोक आपल्या फाटकापाशी उभे राहून फोटो काढताहेत! माझा जावई विचारतो, बाबा, तुम्ही त्याच इमारतीत राहता का? आणि औषधवाले, तुमचे विनोद चार दिवस दुकानातच राहू द्या. ते नाव तर तोंडातून काढूच नका.”

ते नाव म्हणजे ‘नवरदेव’. एकटा राहणारा हा गृहस्थ अधूनमधून दुकानात येई आणि मान खाली घालून बायकांच्या वापराच्या वस्तू मागे. केसांचे चाप, मलम, महिन्याच्या महिन्याला लागणारे पॅड. सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून घेई. एका संध्याकाळी तो बाहेर पडताच औषधवाले दुकानातल्या चौघांना म्हणाले होते, “आमचे नवरदेव! बायको कोणाला दिसत नाही, पण खरेदी काही थांबत नाही!” खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी नाव पहिल्या मजल्यावर पोचले, आठवड्याभरात चौथ्यावर. पुढे तर मुलेही त्याला तसेच हाकारू लागली. तो लाजल्यासारखे हसे आणि निघून जाई.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सर्वांनी कानांवर हात ठेवले. औषधवाल्यांनीही ठेवले.

महिन्याभराने आरोपी बरा झाला आणि त्याच्या वकिलाची भूमिका वर्तमानपत्रांत छापून आली. ही तरुणी दोन वर्षांपूर्वी, सज्ञान झाल्यावर, आपल्या पायांनी त्याच्याकडे आली. ती पत्नी म्हणून नांदत होती. आणि शेजाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते, एरवी सारी इमारत त्याला ‘नवरदेव’ कशाला म्हणाली असती? मुलगी सांगत होती ते निराळे. पण तिचे दप्तर, गणवेश, लहानपणचे कपडे सारे त्याने कधीच जाळून टाकले होते, आणि ती लहान असताना त्या घरात होती असे सांगणारा तिच्यावाचून दुसरा कोणी नव्हता. चौकात, कचेऱ्यांत, न्हाव्याच्या दुकानात लोक आता एकच विचारू लागले : मग ती पळाली का नाही? जो प्रश्न शेजाऱ्यांना विचारायचा तो लोक त्या मुलीला विचारत होते!

एके दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, एक बाई दुकानात आल्या. कपडे साधे, चेहरा थकलेला, पण डोळे मात्र विलक्षण टवटवीत, काहीतरी शोधणारे. आत खुर्चीवर औषधवाल्यांचे वृद्ध वडील, अण्णा, पेंगत बसले होते. दुकान मूळचे त्यांचेच.

“मी त्या मुलीची आई,” बाई म्हणाल्या. “भांडायला नाही आले, दादा. एक विचारायचं होतं. ती फारसं बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, खोदून विचारू नका. पण मला आईला कळायला नको का, मधली वर्षं तिची कशी गेली? आजारी पडली तेव्हा तो काही देत होता का? तुमच्याकडून काय काय नेलं, तेवढं सांगाल?”

“गिऱ्हाइकाचं असं सांगता येत नाही हो...” औषधवाल्यांनी सवयीने सुरुवात केली, पण त्या डोळ्यांकडे पाहून ते वाक्य अर्धेच सोडले. मग ते आठवत आठवत बोलू लागले. “सगळ्यात आधी खोकल्याचं औषध. लहान मुलाचं मागितलं म्हणून मी वय विचारलं. म्हणाला, भाची आली आहे, अकरा-बारा वर्षांची.”

बाईंनी फळीची कड घट्ट धरली. “खोकला तिला दर हिवाळ्यात व्हायचा. म्हणजे औषध दिलं होतं त्यानं. बरं झालं. पुढं?”

“पुढं... वर्षा-दीड वर्षानं पॅड. कोणते द्यायचे तेही त्याला सांगता येईना. मग रक्तवाढीच्या गोळ्या. दाढदुखीच्या गोळ्या तर कितीदा! मी म्हटलंसुद्धा, दाताच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणाला, दाखवतो.”

“दोन दाढा गेल्यात तिच्या.”

बोलता बोलता औषधवाल्यांच्या ध्यानात आले होते, की आपण एका मुलीला मोठी होताना पाहिले आहे. चेहरा कधी दिसला नाही, पण तिचा खोकला, तिचे वयात येणे, तिची दुखरी दाढ, सारे या फळीवरून गेले होते, आणि प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळून दिली होती!

“ती भाची परत कधी गेली, असं नाही का विचारलंत त्याला?” बाईंनी विचारले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. औषधवाले फळीवरचे वर्तमानपत्राचे कागद सारखे करू लागले. बाई “येते” म्हणाल्या आणि पायरी उतरून गेल्या.

“झोपलो नव्हतो मी,” आतून अण्णा म्हणाले.

“तुम्हीच शिकवलंत ना, अण्णा? गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारायचे नाहीत.”

“मी? नीट आठव. मी म्हटलं होतं, गिऱ्हाईक काय नेतं ते बाहेर बोलायचं नाही. का, तर माणूस आपल्यापुढे दुखणं उघडं करतो. घरात लहान पोर आजारी आहे आणि ते वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही, तर विचारायचं नाही, असं म्हटलं होतं मी? तू काय केलंस? त्याला एका शब्दानं विचारलं नाहीस आणि सगळ्या इमारतीला सांगून मोकळा झालास!”

औषधवाल्यांना तोंडात मारल्यासारखे झाले. खरेच की! जिथे तोंड उघडायचे तिथे ते मिटले, आणि जिथे मिटायचे तिथे उघडले!

“मला काय माहीत असं असेल? गंमत होती ती.”

“तेच सांगतोय. त्या माणसाला काही लपवायची गरजच ठेवली नाहीस तू. तो पॅड नेई, चाप नेई, आणि कोणी भुवई उंचावायच्या आत तुझा विनोद हजर! त्याला खोटं बोलावं लागलं ते एकदाच, भाचीचं. पुढचं सगळं तुम्ही लोकच हसत हसत बोललात.”

“आता जाऊन सांगू, तर लोक मलाच धरतील. मी सही केलेला जबाब आहे, काही माहीत नाही म्हणून. दुकानात कोणी फिरकायचं नाही.”

“नाही फिरकणार कदाचित,” अण्णा म्हणाले. “पण तू गप्प राहिलास तर तो वकील तुझंच तोंड वापरणार आहे. ते नाव तुझं. ते त्याच्या बाजूनं बोलतंय. आता तू कोणाच्या बाजूनं बोलतोस ते बघ. आणि मला चहा सांग.”

त्याच संध्याकाळी औषधवाले पोलीस ठाण्यात गेले आणि पहिला जबाब खोटा होता येथून सुरुवात करून सारे सांगून आले.

इमारतीत व्हायचे ते झाले. अध्यक्षांनी जिन्यात गाठून “तुम्ही आम्हांला तोंडघशी पाडलंत!” असे सुनावले. पहिल्या मजल्यावरची मंडळी औषधे आणायला पलीकडच्या रस्त्यावर जाऊ लागली. ज्यांनी त्या विनोदावर पोट धरून हसावे, त्यांनीच “काय हा निर्दय माणूस!” म्हणून बोटे मोडावी! मात्र एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली दुकानात आल्या.

“रेडिओ तो सुरू करायचा ना,” त्या म्हणाल्या, “त्याच्या आधी दरवेळी वर कोणीतरी पाय आपटायचं. मी आवाजावरून भांडले, पायांचं नाही विचारलं. माझं नाव द्या तिथं. मीही येते.”

न्यायालयात आरोपीच्या वकिलाने औषधवाल्यांना पहिलाच प्रश्न विचारला, “‘नवरदेव’ हे नाव तुम्हीच ठेवलंत?”

“हो.”

“म्हणजे घरात पत्नी आहे, हे तुम्हांला ठाऊक होतं.”

“नाही. पत्नी कोणीच पाहिली नव्हती. म्हणून तर लोक हसले.”

“आणि ती लहानपणापासून तिथं होती, हे तुम्हांला आता सोयीनं आठवलं?”

“आठवत तेव्हाही होतं, साहेब. लहान मुलीचं औषध मीच दिलं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर मला उठून काहीतरी करावं लागलं असतं. हसण्यात तसं काही करावं लागत नाही.”

पुढे काकूंचीही साक्ष झाली. मुलीचे म्हणणे खरे ठरले. तिला पळवून आणून कोंडून ठेवल्याबद्दल आरोपीला जन्मठेप झाली, आणि निकालपत्रात खोकल्याच्या औषधाचा व आपटलेल्या पायांचा स्पष्ट उल्लेख आला.

वाचकहो, कुतूहल आपणां सर्वांपाशी भरपूर आहे. त्याची टंचाई कोणत्याच वस्तीत नाही. पण उत्तर मिळाले असता काही करावे लागेल अशी शंका येते, त्या उंबरठ्यावर ते हटकून थांबते आणि विनोद, कुजबूज, टोपणनाव यांपैकी काहीतरी करून माघारी फिरते. शेजाऱ्याच्या घरात डोकावणे आणि शेजाऱ्याची काळजी घेणे यांत अंतर आहे ते एवढेच, की दुसऱ्यात पुढचे पाऊल टाकण्याची तयारी असते. जे खटकले ते ज्याच्याशी बोलायला हवे त्याच्याशीच बोला, आणि त्याचे उत्तर पटले नाही, तर जिथे दाद मिळेल तिथे जाऊन बोला. शंका खोटी ठरली तर फार तर आपला फजितवाडा होईल.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात औषधवाले त्या आईसमोर जाऊन उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले, शांतपणे, राग न धरता.

“तुम्ही खरं बोललात, दादा,” ती म्हणाली. “पण फार उशिरा बोललात.”